पान उलटल्याचा आवाज

प्रिय करुणा,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगून टाकतो. आई बरी आहे, मी बरा आहे, दुकानही बरं आहे. गणपतीच्या बुकिंगा सुरू झाल्या, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून उद्घाटनं इतकी वाढली की माझा एक तरी भोंगा कुठल्या ना कुठल्या खांबावर लटकलेलाच असतो. तू म्हणशील, मग पत्र काहून? व्हॉइस मेसेज टाकायचा न, बाबा. टाकणार होतो. बोललो, ऐकला आणि पुसून टाकला. माझाच आवाज मला फार गोड वाटला, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे आवाज लावून दिले, त्याला स्वतःचा खोटा सूर ओळखू येणार नाही का? कागदावर मी हळू लिहितो, सातवीपर्यंतचं माझं अक्षर, आणि इतकं हळू लिहिताना लबाडी जमत नाही.

मागच्या रविवारी तू आईला फोन केला होता. तिला बटणं दिसत नाहीत म्हणून ती आता फोन स्पीकरवरच ठेवते. मी पडद्याच्या अलीकडे, दुकानात, एका माइकची तुटकी तार जोडून राहिलो होतो. माझे कान तुला माहीत आहेत. तू लहान असताना फ्रिज कितीही हळू उघडला तरी मी दुकानातून ओरडायचो, आणि तू म्हणायची, बाबांना कान नाहीत, भोंगे आहेत. तर मी सगळं ऐकलं. "आई, तू शिकलेली बाई. शुगर आहे हे माहीत होतं. डोळ्यांपुढे अंधार येऊन राहिला आणि तू कुणाला बोलली नाही? बाबांना तरी सांगायचं!" आई म्हणाली, "चुकलं माय माझं." एवढंच म्हणाली. मग तू मला वेगळा फोन केला आणि तुझा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला काय कळणार होतं? तुम्ही तर पुस्तक हातातही घेत नाही." करुणा, ते वाक्य माझ्या कानात बसलं आहे, जुन्या भोंग्यात चिमणीनं घरटं करावं तसं. आवाज सोडला की आधी तिची फडफड ऐकू येते.

पुस्तक मी हातात घेत नाही, हे खरं. पण वाचक मीही आहे. फक्त माझं वाचन तुझ्या आईच्या गळ्यातून होत आलं. तिचा चेहरा पाहण्याआधी मी तिचं वाचणं ऐकलं आहे, हे तुला कधी नीट सांगितलं नसेल. मी तेव्हा शालिकरामजींकडे कामाला होतो, डोक्यावर भोंगे आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं. आईच्या माहेरी, सौसरच्या विहारात, पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन होतं आणि माइक पांढुर्ण्याहून आमचा होता. माइक शिट्टी मारत होता म्हणून मला पाठवलं. मी विहाराच्या मागच्या भिंतीला बसून वायर सरळ केली, शिट्टी थांबली, आणि आतून एका मुलीचा आवाज आला. दुसरे लोक ग्रंथ वाचतात तेव्हा माइकसमोर आवाज फुगवतात. ही मुलगी समोर बसलेल्या एकाच माणसाला सांगावं तशी वाचत होती, आणि तो एक माणूस मी आहे असं मला वाटलं. मी उठलोच नाही. शालिकरामजी शोधत आले. म्हणाले, "अबे गुलाब, माइक सुधरला, आता तू सुधर. चाल!" पुढे तुझ्या आजोबांनी मला विचारलं, पोरगा शिकला किती? मी म्हटलं, शिकलो कमी, पण ऐकलं लय आहे. ते हसले, म्हणून तू आज आहेस.

लग्नानंतर आमचा जो नेम सुरू झाला तो तू पाहतच मोठी झाली. दुपारचं जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं खाली. मी पाटावर, पुढ्यात पोट उघडलेला एखादा ॲम्प्लिफायर. आई खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत, मांडीवर पुस्तक, आणि पुस्तकात खुणेला संत्र्याचं पान. सुकलं की नवीन तोडायचं. आपल्या घरातल्या सगळ्या पुस्तकांना म्हणून तो थोडा कडवट, थोडा गोड वास आहे. पुस्तकं यायची ती दीक्षाभूमीवरून, वर्षातून एकदा, कापडी थैली भरून. निवडायची आमची रीत वेगळी होती. आई स्टॉलपुढे उभी राहून पहिलं पान मला वाचून दाखवायची आणि मी डोळे मिटून ठरवायचो. मागून लोकांचे धक्के. एकदा स्टॉलवाला वैतागून म्हणाला, "बाई, घ्यायचं तर घ्या, इथं प्रवचन नका लावू." आई म्हणाली, "दादा, यांना ऐकू द्या जरा. पैसे यांच्याच खिशात आहेत."

पुस्तकांची खरी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. माझ्याजवळ त्यांची घरातली नावं आहेत. एक विहिरीवाली कादंबरी, जिच्यात एक माणूस गावोगाव विहिरी खोदत फिरतो. ती मी किती वेळा ऐकली मलाच ठाऊक नाही. एक नर्सबाईचं आत्मचरित्र. एक मिशीवाला फौजदार, ज्याला चोर नेहमी शेवटून दुसऱ्या पानावर सापडतो. आईच्या वाचण्याच्याही खोडी होत्या. आभाळाचं वर्णन आलं की विचारायची, "हे गाळू का?" मी म्हणायचो, "गाळ, आभाळ इथंही आहे." पुस्तकात कजाग बाई आली की ती शेजारच्या कलाबाईच्या आवाजात वाचायची. एकदा कलाबाई दारात येऊन ते ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "अवो वच्छला, कोण आहे ही बाई? लयच भांडखोर दिसते!" माझ्या हातातला स्क्रू कुठं उडाला तो अजून सापडला नाही. आणि पान उलटायची तिची पद्धत. ओल्या बोटाचा चट् असा बारीक आवाज, मग कागदाची सरसर, आणि मग अर्धा श्वास. इतकी वर्षं ऐकून मला आधीच कळायचं की आता पान उलटणार. गाणाऱ्याला सम कळते, तसं.

हे सगळं सांगतो ते कौतुकानं नाही. पुढचं तुला नीट समजावं म्हणून सांगतो.

संक्रांतीनंतर आईनं नवीन पुस्तक काढलं. त्याचं मी नाव ठेवलं उर्वशीवाली. उर्वशी ही एका तालुक्याच्या गावची मुलगी. गावात एक वाचनालय, तिथं पोरं पेपरमधली क्रिकेटची पानं पाहायला येतात आणि कपाटाला कुलूप. त्या कपाटाची किल्ली आपल्या हातात यावी एवढंच उर्वशीला आयुष्यात पाहिजे. घरचे म्हणतात, किल्लीच पाहिजे तर स्वयंपाकघराची घे. मला पहिल्याच दिवशी ती पोरगी आवडली. आणि पहिल्याच दिवशी माझ्या कानाला काहीतरी लागलं.

वाचणारा माणूस श्वास कुठं घेतो? जिथं छापणाऱ्यानं टिंब दिलं तिथं. सांगणारा माणूस श्वास घेतो जिथं त्याला पुढचं सुचत नाही तिथं. आई टिंब नसलेल्या जागी थांबू लागली. पान उलटल्याचा आवाज कधी फार उशिरा यायचा, कधी लागोपाठ, जसं काही मधेच तिच्या लक्षात आलं की अरे, उलटायचं राहिलं. आधीच्या पुस्तकांतले लोक पुण्याकडचं बोलायचे. उर्वशीच्या गावातले लोक "काहून वो" म्हणत. आणि त्या कादंबरीत आभाळच नव्हतं. एकदाही आई म्हणाली नाही की हे गाळू का.

एक दिवस ती कलाबाईकडे सुईत दोरा ओवून घ्यायला गेली होती. मी उठून ते पुस्तक हातात घेतलं. वर बोट ठेवून नाव वाचलं. मला पुस्तक वाचायला वेळ लागतो, पण अक्षरं मला येतात. ते नर्सबाईचं आत्मचरित्र होतं, आम्ही कधीच संपवलेलं. संत्र्याचं पान ताजं, आणि ते जिथं ठेवलं होतं तिथं नर्सबाई पहिल्यांदा वॉर्डात जाते. ते मला पूर्ण आठवत होतं. उर्वशी कुठं नव्हती. पुढं नव्हती, मागं नव्हती.

मी तिथंच उभा राहिलो आणि सगळं एकदम जुळलं. चहा कपाऐवजी बशीत पडायचा तो. तांदळात खडे लागायचे ते. सुईदोरा घेऊन कलाबाईकडे जाणं. आईला अक्षर दिसत नव्हतं, करुणा. हे आणि नवीन, दोन्ही पुस्तकं एकाच जाडीची, एकाच आकाराची, तिनं हातानं चाचपून चुकीचं घेतलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं. मांडीवर पुस्तक ठेवून ती मला मनातलं सांगत होती.

त्या वेळी मी काय करायला पाहिजे होतं हे तुलाही माहीत आहे. मी काय केलं ते ऐक. मी पुस्तक होतं तसं ठेवलं. पानाची खूण होती त्याच जागी ठेवली. पाटावर येऊन बसलो. आई आली, तिनं खुर्ची ओढली, बोट ओलं केलं. आणि मी म्हटलं, "हं, मग उर्वशीचं पुढं काय झालं?"

हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला ऐकवून पाहिलं आहे. आवाजात काही खोट नव्हती. अगदी रोजचा आवाज होता. तीच तर खोट.

काहून केलं असं? मी मनाला सांगितलं की ती सांगायला तयार नाही तर आपण काहून उघडं पाडायचं. ते ऐकायला बरं वाटते, पण खरं नाही. खरं हे की मला पुढचं ऐकायचं होतं. उर्वशीला कपाटाची किल्ली मिळाली होती आणि कुलूप गंजलं होतं. तिला पाहायला बाहेरगावाहून लोक येणार होते. आणि मला हळूहळू कळून राहिलं होतं की ही पोरगी कोण आहे. सौसरचा बाजाराचा रस्ता, विहाराची मागची भिंत, शाळेतून येताना चिंचेखाली थांबणं, हे सगळं आईनंच मला नव्या नवलाईत सांगितलेलं होतं. उर्वशी म्हणजे वच्छला, फक्त जिच्या विहाराच्या भिंतीमागं कुणी वायरवाला येऊन बसला नाही ती. जी माझ्याशी लग्न न करता वाचनालयात राहिली ती. करुणा, माणसाला आपल्या बायकोचं न जगलेलं आयुष्य ऐकायला मिळते का कुठं? मला मिळून राहिलं होतं, रोज दुपारी, फुकट. मी बोललो असतो तर ते तिथंच बंद पडलं असतं. मी लोभ केला. माझ्यासारखा सौद्यातला पक्का माणूस, सगळ्यात मोठा सौदा मी असा केला की तिचे डोळे एका पारड्यात आणि माझी गोष्ट दुसऱ्यात.

आणि मी नुसता गप्प नव्हतो बसलो. मी तिला लपवायला मदत केली. खोलीतला बल्ब काढून मोठा लावला. मागच्या पायरीच्या काठावर स्टेजची पांढरी टेप चिकटवली. "ही टेप कायची?" तिनं पायानं चाचपून विचारलं. मी म्हटलं, "उरली होती." चहासाठी पांढरे कप काढून गडद निळे आणले, म्हणजे तिला कड दिसावी. ती खूश झाली की मला संसाराचं सुचू लागलं. मी बल्ब बदलला, टेप लावली, कप बदलले. गाडीत बसवून डॉक्टरकडे नेणं तेवढं सोडून सगळं केलं.

आषाढ पौर्णिमेला काय झालं ते तुला कलाबाईनं फोनवर सांगितलं, पण तिनं तिच्या परीनं सांगितलं. वर्षावासाचा पहिला दिवस, आपला विहार भरलेला, ग्रंथ वाचायला नेहमीप्रमाणं आई. माइक माझा, मशीनवर मी. जुना ग्रंथ तिला बराचसा तोंडपाठ आहे, त्यामुळे ती बिनधास्त बसली होती. पण कलाबाई उठून म्हणाली, "वच्छलाबाई, सुरुवातीचं दरवर्षीच ऐकतो. यंदा मागच्या वर्षी जिथं राहिलं होतं तिथून घ्या." आणि तिनं स्वतःच मधलं पान उघडून समोर ठेवलं. आईनं पानावर बोट ठेवलं. माइकमधून तिचा श्वास येऊन राहिला होता आणि बाहेर झाडावरच्या भोंग्यातूनही तोच. मला वाटलं वायर ओढून टाकावी, लोक मशीनला शिव्या देतील. माझा हात वायरपर्यंत गेला होता. तेवढ्यात आई म्हणाली, "मले दिसत नाही." जोरात नाही म्हणाली. जशी वाचते तशीच, समोरच्या एकाला सांगावं तशी. आणि माझ्या भोंग्यानं ते सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं.

लोक धावले. मीही धावलो. आणि सगळ्यांसमोर, कपाळावर हात मारून, मी म्हटलं, "अवो, सांगतलं काहून नाही मले?" आई माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली, "तुमाले फसवलं मी. किती दिवसाचं फसवून राहिली." बायका तिला समजावू लागल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, बिचारा गुलाबभाऊ. मी तो हात झटकला नाही.

मग तू नागपूरला आली, डॉक्टरांना दाखवून झालं. शुगरनं डोळ्यांचा पडदा खराब केला, उजवा डोळा आता येणार नाही, डावा इंजेक्शनं घेतली तर टिकू शकते. "आधी आणलं असतं तर," एवढं म्हणून डॉक्टर थांबले. ते आईकडे पाहून म्हणाले, आणि तूही आईकडेच पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. तू नागपूरहूनच परत गेली. येताना गाडीत आईनं मला विचारलं, "तुमाले राग नाही आला?" मी म्हटलं, नाही वो. मग ती म्हणाली, "वाचणं बंद झालं असतं तर तुमचं ऐकणं बंद झालं असतं. म्हणून नाही बोलली." पुढं काटोल येईपर्यंत मी शेंगा सोलत राहिलो आणि टरफलं खिशात भरत राहिलो.

त्या दिवसापासून घरात पुस्तक उघडलं नाही. दुपारी ती खुर्चीत बसते, हात मांडीवर, मांडी रिकामी. मी म्हटलं, काही सांग. म्हणते, "आता काय सांगू? माझ्या तोंडाचा भरोसा राहिला का?" कलाबाई आली की तिलाही तेच. "यांचं वाचन मी नासवलं." मंगळवारी इंजेक्शनची तारीख आहे, आणि ती नाही म्हणून बसली आहे हे तुला मी फोनवर सांगितलं. तुला वाटते ती सुईला घाबरते. ती सुईला घाबरत नाही. तुझ्या वेळेस तिनं काय सोसलं ते मी दाराबाहेरून ऐकलं आहे. मला तिनं स्पष्ट सांगितलं, "फसवणाऱ्या डोळ्यासाठी कायले एवढी धावपळ?" ती शिक्षा भोगून राहिली आहे, करुणा. ज्या गुन्ह्याची भोगते तो तिचा नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः पुस्तक वाचायला घेतलं. विहिरीवाली. गोदामात बसून, ओळीखाली बोट ठेवून, एका दुपारी पान-दीड पान. मनात होतं की तिला वाचून दाखवू, तेवढंच. मला ती कादंबरी पाठ, म्हणून शेवट आधी काढला. त्यात तो विहीर खोदणारा माणूस वर येत नाही. माती ढासळते आणि तो आतच राहतो, आणि शेवटचं पान त्याच्या बायकोचं आहे. मी ते परत परत वाचलं, वाटलं मला वाचता येत नाही. कारण मी जितक्या वेळा ऐकली तितक्या वेळा तो माणूस वर आला होता. दोराला धरून, तोंडभर माती घेऊन, हसत. माझे थोरले भाऊ, तुझे अंकुश मोठेबाबा, मोहगावच्या विहिरीतच वारले तेव्हा मी काठावर उभा होतो, हे आईला लग्नाआधीपासून माहीत होतं. म्हणजे तिला छान दिसत होतं तेव्हाही ती पानावरचं सोडून मला वेगळं सांगत होती. एका माणसाला ती दरवेळी विहिरीतून वर काढत होती, माझ्यासाठी. आणि मी काय केलं? ती स्वतः एका विहिरीत उतरत होती आणि मी काठावर बसून म्हणत होतो, हं, मग पुढं?

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगतो. तू शनिवारी येऊन राहिली. जेवणं झाली की आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसव आणि हे पत्र तिला वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. मी स्वतः सांगितलं असतं तर मधेच काहीतरी गमतीचं बोललो असतो, ती हसली असती, आणि मी सुटलो असतो. मी कसा आहे ते मला माहीत आहे. म्हणून तू वाच. जसं आहे तसं वाच. तिच्यासारखं कुणाला वाचवू नको, माझं काही मऊ करू नको, आणि काही गाळू नको, या पत्रात आभाळ नाही. मी पडद्याच्या अलीकडे असीन. पाकिटावर तुझं नाव आहे, पण पत्र सुरुवातीपासून तिचंच आहे. वच्छला, ऐकून राहिली असशील तर ऐक. तू मला फसवलं नाही. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. विहारात सगळ्यांसमोर जे फसवणं झालं ते माझं, आणि त्याची माफी मी विहारातच मागीन, माइक लावून. तू मंगळवारी नागपूरला चाल. डोळ्यासाठी चाल. उर्वशीचं पुढं काय झालं ते मी विचारणार नाही. तो हक्क माझ्याजवळ राहिला नाही, ती तुझी आहे, तिला तू वाटलं तिथं ने. करुणाच्या हातातलं हे शेवटचं पान उलटलं की मागं कोरं आहे. त्याच्यानंतर तू जे बोलशील, राग, शिवी, काहीही, ते मी पडद्याआडून ऐकीन. आणि या खेपेला, ऐकू आलं म्हणून सांगीन.

तुझा बाबा,
आणि तिचाच
गुलाब